कशासाठी लिहिलं? : सातवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

सांगोला तालुका, जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सातवी. शैक्षणिक वर्ष २०२४-२५. मुलांची नावं बदलली आहेत.

८ जुलै २०२४

आज फळ्यावर तीन मजकूर लावले: मधमाश्यांवरचा एक उतारा, ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची नोटीस आणि एक छोटी गोष्ट. तिन्हींना प्रश्न एकच, "लिहिणाऱ्यानं हे कशासाठी लिहिलं असेल?"

वह्या गोळा केल्या तर जवळजवळ प्रत्येक उत्तराची सुरुवात "यातून आपल्याला असा बोध मिळतो की" अशीच. मधमाश्यांकडून एकीचा बोध, गोष्टीतून खरं बोलण्याचा. आरतीनं तर पाणीपट्टीच्या नोटिशीतूनही बोध काढला, 'वेळेचे महत्त्व ओळखावे'. नोटिशीत सरळ लिहिलंय, महिनाअखेरीपर्यंत पैसे भरा, नाहीतर नळजोड तोडला जाईल.

मुलं हुशार आहेत, पण पहिलीपासून प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आणि प्रत्येक पाठाखाली 'कोणता संदेश मिळतो' हेच त्यांनी पाहिलंय. तात्पर्य वाचणारा घेऊन जातो. लिहिणारा कशासाठी आला होता, ही वेगळी चौकशी आहे आणि ती कुणी त्यांना करायला लावलेली नाही. हीच मुलं उद्या मोबाइलवर आलेला मजकूर वाचून पुढे पाठवणार, कर्जाच्या कागदावर सही करणार, औषधाची चिठ्ठी वाचणार. तिथं बोध काढून चालायचं नाही. म्हणून हा प्रकल्प वर्षभर चालवायचा ठरवलं. तास मराठीचाच, आठवड्यातून एकदा. मजकूर शक्यतो गावातलेच.

१६ जुलै

उद्या आषाढी. पंढरपूर इथून जवळ, त्यामुळे घराघरांतून माणसं निघाली आहेत आणि वर्गात हजेरी कमी. जी मुलं आली त्यांच्यासमोर दासबोधातली पहिलीच ओवी वाचली:

श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ ।
श्रवण केलियानें प्राप्त । काय आहे ॥

समर्थांनी ग्रंथाची सुरुवातच ऐकणाऱ्यांच्या प्रश्नानं केली आहे. हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितलंय, ऐकून आम्हाला काय मिळणार? आणि लगेच दुसऱ्या ओवीपासून उत्तर: नाव दासबोध, गुरुशिष्यांचा संवाद, विषय भक्तिमार्ग. त्या समासाचं नावच 'ग्रंथारंभलक्षण'. माझ्या प्रकल्पाचा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठीत इतका नेमका मांडून ठेवलाय याचा मला फार आनंद झाला. आजी म्हणत असलेली ओवी वर्गात अशा कामाला येईल असं मुलांनाही वाटलं नव्हतं.

यातून पहिला नियम मुलांनीच ठरवला. आधी बघायचं, लिहिणाऱ्यानं स्वतः सांगून ठेवलंय का. पुस्तक असेल तर प्रस्तावना, अर्ज असेल तर 'विषय' ही ओळ, निमंत्रण असेल तर पहिलं वाक्य.

सोहम म्हणाला, "मॅडम, सगळीच अशी सांगत्यात का?" मी उत्तर दिलं नाही. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला सांगितला.

२९ जुलै

शिक्षण परिषदेत एका सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये वापरतात ती पद्धत दाखवली होती. तिथं लहान मुलांना लेखकाच्या हेतूचे तीन कप्पे शिकवतात: पटवणे, माहिती देणे, रंजन करणे. सुरुवातीला सोपं पडतं, तक्ताही छान होतो. आज आम्ही तो लावून पाहिला तो लग्नपत्रिकेवर.

प्राजक्तानं घरातून जुनी पत्रिका आणली. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, माहिती देणे. तारीख आहे, मुहूर्त आहे, कार्यालयाचा पत्ता आहे. मग मी विचारलं, एवढंच सांगायचं होतं तर चार ओळी पुरल्या असत्या. मागची दीड पानं नावं कशाला?

इथून पुढे मी फक्त ऐकत होते. नावं गाळली तर भावकी रुसते. चुलत्याचं नाव मामाच्या खाली गेलं तर चुलता लग्नाला येत नाही. 'प्रमुख उपस्थिती' म्हणून ज्यांची नावं छापली ते येतातच असं नाही, पण आपली त्यांच्याशी ओळख आहे हे गावाला कळावं लागतं. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ पोरांच्या नावानं असते, पण लिहितो छापखानेवाला, कारण ती वाचून माणूस हसतो आणि यावंसं वाटतं. म्हणजे एकाच कागदात बोलावणं, मान राखणं, वजन दाखवणं आणि लाडीगोडी. सातवीतल्या मुलांना हे सगळं आतून माहीत आहे, त्याला 'लेखकाचा हेतू' म्हणतात एवढंच माहीत नव्हतं.

कप्पे बाजूला ठेवले. त्यांच्याऐवजी एक अर्धं वाक्य घेतलं, ते प्रत्येक मजकुराखाली पूर्ण करायचं:

"हे वाचून ______ नं ______ करावं (किंवा त्याला वाटावं), म्हणून हे लिहिलं."

पहिली रिकामी जागा वाचणाऱ्याची, दुसरी त्याच्याकडून असलेल्या अपेक्षेची. एका मजकुराला अशी दोन-तीन वाक्यंही चालतील. 'माहिती देणे' असं कोरडं उत्तर या वाक्यात बसतच नाही, कुणाला आणि कशाकरता हे सांगावंच लागतं.

१२ ऑगस्ट

या वर्षातला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला तास.

आमच्या भागात डाळिंब. पाऊस आणि दमट हवा आली की तेल्या रोगाची भीती, आणि तेल्या म्हटलं की फवारणी. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी औषधाच्या बाटल्या आहेत. मागच्या आठवड्यात सक्त ताकीद देऊन सांगितलं होतं की बाटलीला कुणी हात लावायचा नाही, वर्गात तर आणायचीच नाही, मोठ्या माणसांकडून फक्त फोटो काढून घ्यायचा. त्यातला एक फोटो मोठा छापून घेतला. कंपनीचं नाव झाकलं.

पुढच्या बाजूला टपोरं लालभडक फळ, त्यावर थेंब, नाव मोठ्या अक्षरात. खाली कोपऱ्यात टोकावर उभा केलेला एक चौकोन, आडवा छेदलेला. वरच्या भागात धोक्याचा इशारा, खालच्या भागात रंग. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. लाल रंगाच्या औषधावर कवटी आणि हाडं असतात. मागे आणि आतल्या घडीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरात किती पाण्यात किती मिसळायचं, तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, अंगावर उडालं तर काय करायचं, पोटात गेलं तर डॉक्टरांनी कोणता उतारा द्यायचा.

मुलांना विचारलं, हे लिहिणारा एक माणूस आहे का?

बराच वेळ गोंधळ. मग समाधान म्हणाला, "मॅडम, म्हंजी फळाचा फोटो कंपनीनं टाकलाय आन् त्यो रंग सरकारनं टाकायला लावलाय." अगदी बरोबर. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे, आणि बाटलीवर काय असलंच पाहिजे हे त्या नियमांत आहे. कंपनीला ते आवडो न आवडो, छापावंच लागतं. एका बाटलीवर दोन हेतू शेजारी शेजारी. दोन वाक्यं तयार झाली. "हे बघून शेतकऱ्यानं हेच औषध विकत घ्यावं." आणि "हे वाचून फवारणाऱ्यानं आपला आणि खाणाऱ्याचा जीव सांभाळावा."

अल्फियानं पुढचा प्रश्न काढला. फवारणारा गडी तर बऱ्याचदा वाचू शकत नाही, मग ते कुणासाठी लिहिलंय? याच कारणासाठी रंग आणि कवटी आहे, हे मी सांगितलं. पण मागच्या बारीक अक्षरांबद्दल तिचं म्हणणं खरं आहे. जो धोक्यात आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. मुलांनी ठरवलं की आपल्या घरच्या बाटल्यांचे रंग पाहायचे, दुरूनच, आणि तोडणीआधीचे दिवस आजोबांना किंवा गड्याला वाचून दाखवायचे. गृहपाठ म्हणून मी हे दिलं नव्हतं.

आता आपल्या प्रश्नांत एक वाढ: कोणती गोष्ट मोठी केली आणि कोणती बारीक? अक्षराचा आकार हाही हेतूचा पुरावा.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. वर्तमानपत्राची पुरवणी जाडजूड. एक अर्ध्या पानाचा 'लेख' निवडला, गुडघेदुखीवर. बातमीसारखा मथळा, बातमीसारखे रकाने, 'रुग्णाचा अनुभव'. वाक्य पूर्ण करताना मुलांनी लिहिलं, "हे वाचून म्हाताऱ्या माणसांनी गुडघ्यांची काळजी घ्यावी." मग भिंग दिलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात'. खाली फोन नंबर.

सोहमच्या जुलैमधल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. सगळे सांगत नाहीत. काही जण मुद्दाम दुसऱ्याचा वेश घेतात. त्या पानावर सोहमनं स्वतःच हे लिहिलं.

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी झाली आणि विधानसभेची निवडणूक आली. मतदान २० ला, प्रचार आज संध्याकाळी थांबतो. मुलांकडे पत्रकांचा ढीग. वर्गात उमेदवार, पक्ष, चिन्ह यावर चर्चा करायची नाही हे मी आधीच सांगितलं. मी सरकारी नोकर आहे आणि मुलं कुणाच्या ना कुणाच्या घरची आहेत. सगळ्या पत्रकांचा फक्त तळाचा भाग कापून घेतला.

तिथं बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं, पत्ते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क: ही नावं नसलेलं निवडणुकीचं पत्रक छापताच येत नाही. मुलांना विचारलं, हा कायदा कशासाठी केला असेल? आरती म्हणाली, "खोटं लिहिलं तर कुणाला धरायचं ते कळाय पायजे." जुलैमध्ये पाणीपट्टीतून वेळेचं महत्त्व काढणारी हीच मुलगी.

उद्यापासून मी निवडणुकीच्या कामावर. तास पुढच्या आठवड्यात.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. भाषणं सकाळीच झाली. नंतरचा तास मुक्ता साळवे यांच्या निबंधाला दिला, आणि आणखी एक मागून घेतला.

मुक्ता पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. १८५५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, तिनं 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा जेमतेम दीड-दोन वर्षांनी मोठी.

वर्गात सगळ्या समाजांतली मुलं आहेत. निबंधात जे अत्याचार लिहिलेत ते ऐकून कुणाला खाली बघावं लागू नये, म्हणून आधी सांगितलं की हे आपण मुक्ताची ताकद बघायला वाचतोय, तिच्या लिहिण्याची ताकद. मग सावकाश वाचलं. भाषा जुनी, वाक्यं लांब. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्यांचे काय हाल होत तो भाग आला तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. त्यानंतर बायकांच्या बाळंतपणाचा भाग, डोक्यावर छप्परसुद्धा नसताना. प्राजक्तानं पुस्तक बंद केलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं.

काम असं दिलं होतं: मुक्ता कुठं कुणाशी बोलते आहे, तिथं समासात खूण करायची. अर्ध्या तासात समास भरले. एका ठिकाणी ती देवाशी बोलते, आमचा धर्म कोणता ते सांग म्हणून. एका ठिकाणी वेद फक्त आपलेच म्हणणाऱ्यांशी वाद घालते. आणि शेवटाकडे ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचं औषध घ्या म्हणून कळवळून सांगते.

मग आमचं वाक्य. एका वाक्यात मावणार नाही हे मुलांच्या लगेच लक्षात आलं. समाधाननं तीन लिहिली, ती इथं उतरवून ठेवते:

"हे वाचून ज्यांनी छळलं त्यांना लाज वाटावी."
"हे वाचून तिच्या लोकांनी शाळेत यावं."
"हे वाचून देवानं उत्तर द्यावं."

तिसऱ्या वाक्यावर दोन-चार मुलं हसली. देव कुठं 'ज्ञानोदय' वाचतो? समाधान म्हणाला, "देवाला इचारलंय, पण ऐकायचं माणसांनी." ज्याला हाक मारली तो आणि ज्याच्या कानावर घालायचं तो, हे दोघे वेगळे असू शकतात. मी बी.एड.ला असताना कुणी मला हे इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

६ जानेवारी

पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये याच तारखेला 'दर्पण' चा पहिला अंक काढला. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी. पत्र कशासाठी काढतो आहोत हे त्यांनीही स्वतः सांगून ठेवलं होतं: इथल्या लोकांमध्ये विलायतेतल्या विद्यांचा अभ्यास वाढावा आणि देशाच्या भल्याचा मोकळेपणानं विचार व्हायला जागा मिळावी. मुलांनी लगेच दासबोधाची आठवण काढली.

पण आजचा खरा मुद्दा परवाच्या निबंधाचा. अल्फियानं विचारलं, "मॅडम, मुक्तानं लिहिलं ते कळलं. पण छापणाऱ्यानं का छापलं?" 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनऱ्यांचं पत्र, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. हिंदू समाजातल्या जातिभेदावर बोट ठेवणं त्यांच्या धर्मप्रचाराच्या कामाचाच भाग होता. मुक्ताला आपल्या लोकांसाठी शाळा हवी होती. दोघांच्या वाटा काही अंतर बरोबर गेल्या. म्हणून मुक्ताचं म्हणणं उसनं ठरत नाही आणि छापणाऱ्याचा हेतू झाकायचीही गरज नाही. वहीत आणखी एक रकाना आला: लिहिणारा कोण, पसरवणारा कोण.

मोबाइलवर पुढे ढकललेल्या मजकुरांना हा रकाना लावून पाहायला मुलांना सांगितलंय. तिथं तर बहुतेक वेळा लिहिणारा सापडतच नाही, फक्त पसरवणारा सापडतो, आणि तो आपलाच मावसभाऊ असतो.

१० फेब्रुवारी

बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरकामात त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली. त्या गेल्या १९५१ मध्ये आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. 'अरे संसार संसार' सगळ्यांना पाठ.

वाक्याच्या पहिल्या रिकाम्या जागेत कुणाचं नाव घालायचं, यावर वर्ग अडला. वाचणारा त्यांनी धरलेलाच नव्हता. आरतीची आजी हळदीला जात्यावरच्या ओव्या म्हणते, तिला आम्ही बोलावलं. मुलांनी थेट विचारलं, "आजी, ह्ये कुणासाठी म्हणायचीस?" आजी म्हणाल्या, दळण जड असतं, म्हटलं की हलकं जातं. आणि सासरी कुणाला सांगता येत न्हाय ते जात्याला सांगायचं.

मुलांनी रिकाम्या जागेत 'जातं' लिहिलं. मी ते बरोबर दिलं. कविता शिकवताना 'कवीचा हेतू काय' असं विचारून आपण अनेकदा तिच्यावर एक कामगिरी लादतो. काही शब्द बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच गरजेतून येतात आणि ते आपल्या कानावर पडतात हे आपलं भाग्य. अशा मजकुरांसाठी वाक्य बदललं: "हे म्हटल्यानं म्हणणाऱ्याला ______."

२१ मार्च

नाथषष्ठी कालच झाली, म्हणून एकनाथांचं भारूड घेतलं. 'विंचू चावला' ला मुलं नाचलीच. मग वही काढली. बहुतेकांनी लिहिलं, लोकांनी हसावं म्हणून. भारुडाच्या सुरुवातीलाच 'कामक्रोध विंचू चावला' आहे, पण चालीच्या भरात ते कुणाच्या कानात शिरलं नाही. उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा सांगितलाय तिथं आल्यावर दोघं-तिघं थबकली.

हे वर्षअखेर स्पष्ट दिसतंय. जाहिरात, नोटीस, पत्रक, निबंध, यांत मुलं आता चांगली चालतात. बोलणं एक आणि रोख दुसरीकडे, असं आलं की घसरतात. रूपक आणि उपहास दोन्हींत. उपहासाचा एक उतारा दिला होता, तो अर्ध्या वर्गानं खरा मानला. याला शब्द पकडायला शिकवून भागत नाही. बोलणाऱ्याचा आवाज ऐकू यावा लागतो, म्हणजे मोठ्यानं वाचून, करून दाखवून. भारूड हा त्याचा आमच्याकडचा सगळ्यात जुना आणि चांगला रस्ता आहे.

८ एप्रिल

शेवटचं काम लिहिण्याचं. विषय एक, वर्गाच्या पेटीतली पुस्तकं. प्रत्येकानं दोन मजकूर लिहायचे: एक पुस्तकं परत न करणाऱ्या मुलांसाठी सूचना, दुसरा गावातल्या लोकांना पुस्तकं देण्याची विनंती. हेतू कागदावर लिहायचा नाही. मग वह्या बदलायच्या आणि शेजाऱ्यानं आमचं वाक्य पूर्ण करायचं. शेजाऱ्याचं वाक्य आणि लिहिणाऱ्याच्या मनातलं जुळलं नाही, तर मजकूर पुन्हा लिहायचा. शेजाऱ्याशी भांडायचं नाही.

सोहमची विनंती वाचून आरतीनं लिहिलं, "हे वाचून लोकांना मुलांची दया यावी." सोहमला ते अजिबात आवडलं नाही. त्याला दया नको होती, पुस्तकं हवी होती. 'आम्ही गरीब मुले' हे पहिलं वाक्य त्यानं खोडलं आणि वर्गानं यंदा काय काय वाचलं त्याची यादी घातली, खाली 'पुढे हे वाचायचे आहे' म्हणून दुसरी यादी. आरतीचं नवं वाक्य: "हे वाचून ज्याच्या घरी यातलं पुस्तक हाय त्यानं आणून द्यावं." तो कागद उद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.

पुढच्या सातवीसाठी पेटीत ठेवलं: लग्नपत्रिका, बाटलीचा फोटो, पुरवणीचं पान, पत्रकांचे तळ, मुक्ताचा निबंध समासातल्या खुणांसह. बदल एकच. भारूड मार्चपर्यंत थांबवायचं नाही, ऑगस्टमध्ये बाटलीच्या आधी घ्यायचं. आणि चाचणीत 'कोणता संदेश मिळतो' याच्या जागी आमचं अर्धं वाक्य घालण्याबद्दल आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, मराठीच्या शिक्षकांशी बोलायचं आहे. दोघांनी वह्या बघायला मागितल्या आहेत.